पाण्याची पायरी, पाण्याचा तंटा

भूगोलाच्या तासाला पनामा कालवा आला की फळ्यावर एक आकृती हमखास निघते. एकापुढे एक अशा पाण्याच्या पायऱ्या आणि त्यांवरून चढत जाणारे जहाज. समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर उंचीवरच्या तलावात जहाज चढवायचे आणि पलीकडच्या समुद्रात पुन्हा उतरवायचे, ही कल्पना मुलांना आवडते आणि पटतेही. मात्र १९१४ साली सुरू झालेल्या या अवाढव्य कामामुळे लॉक म्हणजे काहीतरी प्रचंड, मोठ्या यंत्रांनीच चालणारे, अशी समजूत होऊन बसते. प्रत्यक्षात इंग्लंडच्या ग्रामीण भागात अशा पायऱ्या हजाराहून अधिक आहेत आणि त्यांतल्या बहुतेक आजही हातानेच चालवल्या जातात. शेताच्या कडेला किंवा एखाद्या जुन्या पाणचक्कीशेजारी माणूस एका लांब लाकडी दांड्याला पाठ लावतो आणि कित्येक टनांचे दार हळूहळू फिरते. यात वीज नाही की वाफ नाही.

पुढे जाण्यापूर्वी शब्दांचा थोडा खुलासा करायला हवा. लॉकसाठी आपल्या पारिभाषिक ग्रंथांत 'जलपाश' असा शब्द आढळतो. आम्ही येथे तोंडात रुळलेला 'लॉक' हाच शब्द ठेवला आहे. दुसरा शब्द 'कालवा'. कालवा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शेताला पाणी देणारा पाट येतो. त्यातले पाणी पुढे वाहून जावे यासाठीच तो असतो. इंग्लंडमधले कालवे मालवाहतुकीचे. तेथे पाणी जागेवर थांबले पाहिजे. जे पुढे वाहून गेले ते गमावले. हा फरक ध्यानात ठेवला तर लॉकचा सारा इतिहास नीट उलगडतो, कारण त्या इतिहासात यंत्रकौशल्यापेक्षाही 'पाणी कोणाचे?' हा प्रश्न मोठा आहे.

सुरुवात कालव्यांपासून नव्हे, नद्यांपासून करावी लागते. मध्ययुगात टेम्ससारख्या नदीवर दोन प्रकारचे लोक पोट भरत होते. एक पाणचक्कीवाले आणि दुसरे नावाडी. पाणचक्कीवाल्याला नदीला बंधारा घालून पाणी तुंबवायचे असे, म्हणजे ते उंचावरून चाकावर सोडता येई आणि पीठ दळता येई. नावाड्याला नदी मोकळी हवी असे. मासे पकडण्यासाठी नदीत कुडाचे बांध घालणारे लोक होते, ते वेगळेच. इ. स. १२१५ च्या प्रसिद्ध मॅग्ना कार्टा सनदेत टेम्स, मेडवे आणि साऱ्या इंग्लंडमधील नद्यांवरचे मासेमारीचे बांध काढून टाकावेत असे एक कलम आहे. इतिहासाच्या पुस्तकात राजाच्या अधिकारांवरील मर्यादा म्हणून शिकवल्या जाणाऱ्या सनदेत नदीच्या वाटेची तक्रारही नोंदलेली आहे.

चक्क्यांचे बंधारे काही हटले नाहीत. मग तडजोड निघाली ती 'फ्लॅश लॉक'ची. बंधाऱ्यात एक फट ठेवलेली असे. ती उभ्या खुंटांनी आणि त्यांना टेकवलेल्या फळ्यांनी बंद केलेली असे. नाव आली की फळ्या आणि खुंट एकेक करून उपसायचे. मग वर तुंबलेले पाणी लोंढ्याने खाली धावे. उतरणारी नाव त्या लोंढ्यावर स्वार होऊन सुटे. चढणारी नाव लोंढ्याचा जोर थोडा ओसरल्यावर दोर आणि रहाट लावून उलट्या प्रवाहात ओढून घ्यावी लागे. नावेला धोका होताच. पण खरे दुखणे निराळे होते. एका नावेसाठी बंधाऱ्यामागचा सगळा साठा रिकामा होई. तो पुन्हा भरेपर्यंत चक्की बंद आणि दळण आणलेले शेतकरी ताटकळत. साहजिकच चक्कीवाला फळ्या काढायला राजी नसे, काढल्याच तर भरपूर पैसे मागे आणि उन्हाळ्यात नदी आटली की सरळ नाही म्हणे. मालाने भरलेल्या नावा मग दिवसचे दिवस गाळात रुतून बसत. दोघांपैकी कोणाला दोष द्यावा, हे सांगणे आम्हाला तरी अवघड वाटते. दोघांचाही धंदा त्याच पाण्यावर होता.

या तंट्यावरचा तोडगा एका ओळीत सांगता येतो: एका दाराऐवजी दोन दारे. नदीत किंवा कालव्यात एकमेकांपासून नावेच्या लांबीइतक्या अंतरावर दोन दारे बसवायची. खालचे दार उघडून नाव मधल्या पेटीत घ्यायची, दार लावायचे, वरच्या दारातील झडप उघडून पेटी भरायची. आत-बाहेर पातळी सारखी झाली की वरचे दार उघडून नाव पुढे काढायची. उतरताना हाच क्रम उलटा. आता साऱ्या बंधाऱ्याऐवजी फक्त पेटीभर पाणी खर्च होते आणि चक्की चालूच राहते.

ही युक्ती इंग्रजांची नव्हे, युरोपचीही नव्हे. इ. स. ९८४ मध्ये चीनमधील हुआइनान प्रांताचा वाहतूक अधिकारी च्याव वेइयुए याने महाकालव्यावर असे दोन दारांचे लॉक बांधले. तेथे त्यापूर्वी नावा उतरणीवरून दोरांनी ओढून एका पातळीवरून दुसरीवर नेत. त्यात नावा फुटत आणि फुटलेल्या नावेतले धान्य लुटणाऱ्या टोळ्या टपलेल्या असत. सरकारी धान्याची ही चोरी थांबवणे हा त्याचा हेतू होता. युरोपात हॉलंडमध्ये व्रेस्वेइक येथे १३७३ साली लॉक झाले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मिलान शहराच्या कालव्यांवर काम करणाऱ्या लिओनार्डो दा विंचीच्या टिपणांत दाराची एक सुधारित आकृती सापडते आणि आज खेड्यातल्या लॉकवर दिसते ती दारे त्याच घडणीची आहेत.

या दारांपाशी थोडे थांबू. दाराच्या दोन झडपा मिटल्यावर सरळ रेषेत येत नाहीत. त्या इंग्रजी व्ही अक्षरासारखा कोन करतात आणि कोनाचे टोक वरच्या पाण्याकडे असते. पाण्याचा दाब जितका जास्त तितक्या त्या एकमेकींवर घट्ट दाबल्या जातात. कडी-कोयंड्याची गरजच नाही. पाणीच कुलूप घालते. किल्लीही पाण्याचीच, कारण दोन्हीकडची पातळी सारखी झाल्याशिवाय दार हलत नाही. वर्गात हिशेब करून पाहण्यासारखा आहे. झडप २ मीटर रुंद आहे आणि २ मीटर पाण्यात बुडलेली आहे असे धरा. पातळीत फक्त १० सेंटिमीटर फरक उरला असला तरी झडपेवर सुमारे ४०० किलो वजनाइतका जोर असतो. म्हणून अनुभवी नावाडी कधीच घाई करत नाही. दांड्याला टेकून उभा राहतो आणि दार सैल झाल्याचे त्याच्या पाठीलाच कळते.

इंग्लंडमधले पहिले लॉक १५६६ च्या सुमारास एक्सेटर शहरासाठी बांधलेल्या छोट्या कालव्यावर झाले. त्यामागेही भांडणच होते. एक्सेटर हे एक्स नदीवरचे बंदर. तेराव्या शतकात डेव्हनच्या सरदार घराण्यातील इझाबेला या काउंटेसने नदीत बंधारा घातला, असे सांगतात. पुढे कोर्टने घराण्याच्या सरदारांनी उरलीसुरली वाटही बंद केली आणि खाली टॉपशॅम येथे स्वतःचा धक्का बांधून तेथे उतरणाऱ्या मालावर कर घेऊ लागले. शहराला आपले बंदर परत मिळवण्यासाठी अडीचशेहून अधिक वर्षे वाट पाहावी लागली. शेवटी नदी सोडवता येईना म्हणून जॉन ट्रू या माणसाकडून नदीच्या बाजूने कालवा खोदून घेतला. त्याची दारे सरळ वर उचलण्याची होती. कोनात मिटणारी दारे इंग्लंडमध्ये त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी, ली नदीवर वॉल्थम अॅबी येथे आली.

म्हणजे सोळाव्या शतकातच सारे तंत्र इंग्लंडमध्ये हजर होते. मग टेम्स नदी लगेच सुधारली का? नाही. ऑक्सफर्ड आणि बरकट या गावांमधला पट्टा नावांना मोकळा करण्यासाठी १६२४ साली कायदा झाला. इफ्ली, सँडफर्ड आणि स्विफ्ट डिच येथे लॉक बांधली गेली आणि १६३५ मध्ये नावा ऑक्सफर्डपर्यंत पोचल्या. त्यानंतर खालच्या नदीवर बोल्टर्सपासून सॉनिंगपर्यंतची आठ लॉक झाली ती १७७२-७३ च्या सुमारास! मध्ये १३० हून अधिक वर्षे गेली. फ्लॅश लॉकचे मालक प्रत्येक नावेमागे पैसे घेत होते. हा हक्क वंशपरंपरेचा होता आणि तो सोडायला कोणी तयार नव्हते. विरोध फक्त चक्कीवाल्यांचा होता असेही नाही. केनेट नदीवर न्यूबरीपर्यंत नावा नेण्याचे काम चालू असताना १७२० मध्ये रेडिंगच्या लोकांच्या जमावाने बांधकामाची मोडतोड केली. नावा पुढे गेल्या तर आपल्या गावची बाजारपेठ बसेल ही त्यांची भीती होती. तंत्र माहीत असणे आणि ते वापरात येणे यांत केवढे अंतर असू शकते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला सुचत नाही. टेम्सच्या वरच्या भागात ईटन येथे शेवटचा फ्लॅश लॉक निघाला तो १९३७ साली.

अठराव्या शतकात कालवे आले आणि पाण्याचा प्रश्न आणखी बिकट झाला. नदीला निदान वरून पाणी येत असते. कालवा टेकडी ओलांडतो तेव्हा माथ्यावरच्या टप्प्यात पाणी आणायचे कोठून? जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने ब्रिजवॉटरच्या ड्यूकसाठी बांधलेला कालवा १७६१ मध्ये मँचेस्टरला कोळसा आणू लागला आणि तेथील कोळशाचा भाव निम्म्यावर आला. हा कालवा समपातळीवरून वळसे घेत जाई, त्यामुळे लॉकची गरज नव्हती. ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडणाऱ्या पुढच्या कालव्याला (१७६६ ते १७७७) मात्र टेकडी टळेना. ब्रिंडलीने हेअरकासल येथे सुमारे २.६ किलोमीटरचा बोगदा खोदला आणि दोन्ही बाजूंनी लॉक बांधली. ही लॉक त्याने मुद्दाम अरुंद ठेवली: जेमतेम २.१ मीटर रुंदीची आणि २१ मीटरांच्या आसपास लांबीची नाव आत मावेल एवढी. बोगदा स्वस्त पडला, पाणी वाचले. आजही मध्य इंग्लंडच्या कालव्यांवरील लांब, अरुंद नावांचा आकार त्याच निर्णयाने ठरलेला आहे.

किती पाणी वाचले, तेही पाहू. पेटी २२ मीटर लांब, २.२ मीटर रुंद आणि दोन पातळ्यांमधला फरक २.१ मीटर धरला, तर एका वेळेस सुमारे १०० घनमीटर, म्हणजे एक लाख लिटर पाणी खाली जाते. नाव माथा ओलांडते तेव्हा चढताना एक पेटी आणि उतरताना एक पेटी, असे दोन लाख लिटर पाणी माथ्यावरून जाते.

येथे विद्यार्थ्यांना एक कोडे घालावे. भरलेल्या नावेला जास्त पाणी लागेल की रिकाम्या? बहुतेक जण भरलेल्या म्हणतील. उतरणाऱ्या नावेचा विचार करा. भरलेल्या लॉकमध्ये नाव शिरते तेव्हा ती आपल्या वजनाइतके पाणी वरच्या टप्प्यात परत ढकलते. तेव्हा नाव मालासह ३० टनांची असेल तर १०० घनमीटरांऐवजी ७० घनमीटरच खाली जाते. आर्किमिडीजचा नियम येथे कालव्याच्या मालकाच्या बाजूने उभा राहतो. चढणाऱ्या नावेचे उलटे: ती लॉकमधून बाहेर पडताना तिची जागा भरायला वरचे ३० घनमीटर पाणी जादा आत येते. तीच नाव माल न उतरवता एकीकडून चढून दुसरीकडे उतरली तर वजाबाकी आणि बेरीज फिटतात आणि हिशेब पुन्हा बरोबर दोन पेट्यांचा होतो. खाणी उंचावर आणि गिऱ्हाईक खाली असेल, तर भरलेल्या नावा उतरतात आणि रिकाम्या चढतात. अशा कालव्याचे पाणी बरेच वाचते.

पाणी असे पेटीपेटीने मोजले जाऊ लागल्यावर कालव्यांच्या कंपन्या एकमेकींकडे संशयाने पाहू लागल्या. बर्मिंगहॅममध्ये तर कमाल झाली. वूस्टरकडून येणारा नवा कालवा जुन्या बर्मिंगहॅम कालव्याला भेटणार होता. आपले पाणी नव्या कालव्यात जाईल म्हणून जुन्या कंपनीने दोन्हींच्या मध्ये ७ फूट, म्हणजे सुमारे २ मीटर जाडीचा बांध ठेवण्याची अट कायद्यातच घालून घेतली. बांधाच्या दोन्ही बाजूंना नावा उभ्या राहत आणि माल हमालांकरवी एका नावेतून दुसरीत टाकला जाई. हा प्रकार वीस वर्षांहून अधिक काळ चालला. १८१५ मध्ये बांध फोडून तेथे लॉक बसवले तेव्हा कुठे नावा सरळ जाऊ लागल्या. त्या लॉकचे काम नावा चढवणे हे नव्हतेच. पाण्यावर पहारा ठेवणे हेच त्याचे काम.

पाणी वाचवण्याच्या युक्त्यांपैकी एक अशी आहे की तिच्यासाठी भूमितीचा एक तास द्यावा. लॉकशेजारी तेवढ्याच क्षेत्रफळाचे एक उथळ तळे खोदायचे. त्याचा तळ, लॉकच्या दोन पातळ्यांमधील उंचीच्या एक तृतीयांश उंचीवर ठेवायचा. लॉक रिकामे करताना वरचे एक तृतीयांश पाणी आधी तळ्यात सोडायचे, उरलेले खाली. पुन्हा भरताना आधी तळ्यातले पाणी आत घ्यायचे. दर खेपेला एक तृतीयांश पाणी वाचते. लेस्टरशायरमध्ये फॉक्सटन येथे १८१४ मध्ये पाच-पाच लॉकचे दोन जिने झाले. एका लॉकचे वरचे दार हेच पुढच्याचे खालचे दार, म्हणून जिना. दहा लॉक मिळून २३ मीटर चढतात. तेथे बाजूच्या तळ्यांच्या झडपांवरील यंत्रणा तांबड्या आणि पांढऱ्या रंगवल्या आहेत. तांबडी आधी उघडायची, म्हणजे तळ्यातले पाणी खालच्या लॉकमध्ये जाते. मग पांढरी, म्हणजे वरच्या लॉकचे पाणी रिकाम्या झालेल्या तळ्यात येते. क्रम चुकला तर आधीच भरलेल्या तळ्यात आणखी पाणी येऊन ते काठावरून वाहू लागते.

विल्टशायरमधील डिव्हायझेस येथे केनेट-एव्हन कालवा २९ लॉकमधून ७२ मीटर चढतो. त्यांपैकी १६ लॉक केन हिल नावाच्या उतरणीवर एका सरळ रेषेत आहेत. जॉन रेनी या अभियंत्याने बांधलेला हा कालवा १८१० मध्ये पूर्ण झाला. ही लॉक एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की मधल्या टप्प्यात पेटीभर पाणी मावत नाही, म्हणून प्रत्येक टप्पा बाजूला रुंद करून त्याचे तळे केले आहे. याच कालव्याच्या माथ्यावर नैसर्गिक पाणी पुरेसे नव्हते. म्हणून क्रॉफ्टन येथे वाफेवर चालणारे पंप बसवले. १८१२ चे बोल्टन आणि वॉट यांचे इंजिन आजही त्याच इमारतीत जपलेले आहे. क्लॅव्हर्टन येथे १८१३ मध्ये एव्हन नदीवर पाणचाकाचा पंप आला. नदीच्याच वाहण्याच्या जोरावर नदीचे पाणी सुमारे १४ मीटर वर कालव्यात जाऊ लागले. शतकानुशतके नावाड्यांशी भांडलेले पाणचाक शेवटी त्यांच्याच कामाला लागले, ही गोष्ट आम्हाला फार आवडते.

पुढे रेल्वे आली. लंडन ते ब्रिस्टल लोहमार्ग १८४१ मध्ये पूर्ण झाला आणि १८५२ मध्ये त्याच रेल्वे कंपनीने हा कालवा विकत घेतला. दर पडले, नावाड्यांची मिळकत घटली. लॉक चालवायला तर किमान दोन माणसे हवीत: एक नावेवर, एक काठावर. मजूर परवडेना तेव्हा बायकामुले नावेवर राहायला आली. तीन मीटरांच्या खोलीत सारा संसार, आणि मुले पुढे पळत जाऊन पुढचे लॉक भरून ठेवायची. नाव थांबत नसे, म्हणून शाळाही नसे. लहानपणी वीटभट्टीवर राबलेल्या कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथने या मुलांचा प्रश्न लावून धरला आणि १८७७ मध्ये कायदा झाला. नावेची नोंदणी एखाद्या गावात करायची, तेथे किती माणसे राहतील ते ठरवायचे आणि मुले त्या गावच्या शाळेची समजायची. कागदावर शाळा मिळाली. पण नाव बहुतेक दिवस त्या गावात नसेच. १८८४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून तपासणी कडक केली, तरी फिरत्या घरातल्या मुलाला स्थिर शाळा कशी द्यायची हा प्रश्न सुटला नाही. नावांवरील वाहतूकच संपत गेली तेव्हा तो प्रश्नही मागे पडला.

दुसऱ्या महायुद्धानंतर बरीच लॉक गाळाने भरली, दारे कुजली. कालवे जपावेत म्हणून १९४६ मध्ये एल. टी. सी. रोल्ट, रॉबर्ट एकमन आदींनी संस्था स्थापन केली आणि हौशी माणसांनी सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन गाळ उपसायला सुरुवात केली. केनेट-एव्हन कालवा १९९० मध्ये पुन्हा सुरू झाला. नावा वाढल्या आणि जुनीच अडचण परत आली. १९९६ मध्ये केन हिलच्या पायथ्याशी पंप बसवावे लागले. ते दिवसाला सुमारे ३ कोटी २० लाख लिटर पाणी परत वर नेऊ शकतात. या कालव्याच्या एका पेटीत अडीच लाख लिटरांच्या आसपास पाणी लागते, तेव्हा हे पाणी दिवसाकाठी किती नावांना पुरेल ते विद्यार्थ्यांनीच काढावे.

२०२५ मध्ये उत्तर इंग्लंडमधील तलाव आटले आणि लीड्स-लिव्हरपूल कालव्याच्या मोठ्या भागातील लॉक काही महिने बंद ठेवावी लागली. एरवी चालू असलेल्या लॉकवर नावाड्यांचा जुना रिवाज अजून पाळला जातो. लॉक भरलेले असेल आणि समोरून उतरणारी नाव येताना दिसत असेल, तर खालून आलेल्याने लॉक रिकामे करायचे नाही. काठाला नाव बांधून थांबायचे, आधी त्याला उतरू द्यायचे आणि त्याने रिकाम्या करून दिलेल्या पेटीत मग आपण शिरायचे. पेटीभर पाण्यात दोन नावा जातात.